अतिसममितीचे दोन मूळलेख आणि क्षेत्रसिद्धांतांची विकृति

ऋग्वेदाचा अभ्यास ज्यांनीं थोडाबहुत केला आहे त्यांस ग्रासमानचा ऋग्वेदकोश अपरिचित असणें शक्य नाहीं. आमच्याजवळ त्याची जी पुनर्मुद्रित प्रत आहे ती पुष्कळ वर्षांपूर्वीं एका जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मिळाली. पुठ्ठा सुटला आहे, पानें शाबूत आहेत. गेल्या वर्षीं आमचे एक माजी विद्यार्थी, जे सांप्रत गणिताचें अध्यापन करितात, घरीं आले असतां ती प्रत हातीं घेऊन म्हणाले, "गुरुजी, ज्याच्या राशी आम्ही रोज वापरतों तोच का हा ग्रासमान?" आम्हीं नकारार्थी मान हलविली. ती आमची चूक होती. ती चूक सुधारतां सुधारतां त्यांच्या साहाय्यानें आम्हीं जे कांहीं लेख वाचले त्यांचा वृत्तांत येथें देत आहों. विषय पदार्थविज्ञानाचा आहे खरा. परंतु मूळ लेख कोणता, त्याची तिथि कोणती, शाखा किती व त्यांचें परस्परांशीं नातें काय, हे त्यांतले प्रश्न आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाचे आहेत.

हेर्मान ग्रासमान (१८०९–१८७७) हा प्रशियांतील श्टेटिन गांवचा. तें गांव आज पोलंडांत असून श्चेचिन या नांवानें ओळखलें जातें. हा गृहस्थ जन्मभर शाळामास्तर राहिला. विश्वविद्यालयांतील आसन त्यास कधींच मिळालें नाहीं. १८४४ सालीं त्यानें 'विस्तारशास्त्र' अशा अर्थाच्या नांवाचा एक गणितग्रंथ छापविला. तो विकत घेणारे थोडे निघाले, वाचणारे त्याहून थोडे. आणि वीस वर्षांनीं प्रकाशकानें शिल्लक राहिलेल्या सुमारें ६०० प्रती रद्दींत घातल्या. पोथ्या जमविण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांस ही हकीकत वाचून काय वाटेल तें लिहावयास नको. १८६२ सालीं त्यानें तोच विषय नव्यानें लिहून काढला. त्याचीही तीच गत झाली. तेव्हां उतारवयांत तो भाषेकडे वळला. लागोपाठच्या दोन अक्षरांत महाप्राण आले असतां पहिल्याचा प्राण जातो (बभूव या रूपांत आरंभीं भकार न राहतां बकार दिसतो तो यामुळें), हा १८६३ सालचा नियम त्याच्याच नांवानें चालतो. पुढें १८७३ ते १८७५ या काळांत कोश आणि १८७६–७७ मध्यें ऋग्वेदाचें पद्य जर्मन भाषांतर प्रसिद्ध झालें. ट्यूबिंगेन विश्वविद्यालयानें त्यास सन्मान्य पदवी दिली ती या भाषाविषयक कार्याबद्दल, गणिताबद्दल नव्हे.

रद्दींत गेलेल्या त्या ग्रंथांतील एकच नियम आपणांस येथें पाहिजे. व्यवहारांतील संख्यांत तीन गुणिलें पांच आणि पांच गुणिलें तीन यांत भेद नाहीं. ग्रासमानच्या राशींत क्रम उलटला कीं चिन्ह पालटतें. 'अब' ही राशि 'बअ' च्या ऋणाइतकी असते. मग 'अ' ला 'अ' नेंच गुणिलें तर उत्तर शून्य आलेंच पाहिजे, कारण स्वतःच्या ऋणाबरोबर असणारी राशि शून्यावांचून दुसरी नाहीं. एकदां आलेला पुन्हां येऊं शकत नाहीं, असा या राशींचा स्वभाव आहे. विसाव्या शतकांत असें ठरलें कीं सृष्टींतील कण दोन जातींचे आहेत. प्रकाशकणांसारखे कण एकाच स्थितींत कितीही दाटीनें राहतात; सत्येंद्रनाथ बोस यांच्या नांवावरून त्यांस बोसॉन म्हणतात. इलेक्ट्रॉनासारखे कण एका स्थितींत दुसऱ्यास येऊं देत नाहींत; ते एन्रिको फर्मी यांच्या नांवावरून फर्मिऑन झाले. या दुसऱ्या जातीचा स्वभाव म्हणजे ग्रासमानचा नियमच. प्रत्येक कण हें सर्व अवकाशांत व्यापून असलेल्या एखाद्या क्षेत्राचें स्फुरण आहे असें धरून जें गणित करितात त्यास क्वांटम क्षेत्रसिद्धांत म्हणतात. आणि त्यांत फर्मिऑनांचें क्षेत्र मांडावयाचें झालें कीं श्टेटिनच्या मास्तराकडे जावें लागतें. मॉस्कोचे गणिती फेलिक्स बेरेझिन (१९३१–१९८०) यांनीं १९६० नंतरच्या वर्षांत या राशींचें कलनशास्त्र पद्धतशीर बांधून दिलें.

आतां मूळ विषयाकडे येऊं. बोसॉनाच्या जागीं फर्मिऑन व फर्मिऑनाच्या जागीं बोसॉन घातला तरी नियम जसेचे तसे राहावेत, अशी जी रचना तिला सुपरसिमेट्री म्हणतात. आम्ही तीस अतिसममिति म्हणूं. हें नांव १९७४ सालीं अब्दुस सलाम व जॉन स्ट्रॅथडी यांच्या लेखांतून रूढ झालें. या अदलाबदलींत एक चमत्कार आहे. ती दोनदां केली असतां कण आपल्या जातीस परत येतो, परंतु आपल्या जागीं परत येत नाहीं; देशकालांत तो किंचित् सरकलेला असतो. म्हणजे ही केवळ नांवांची अदलाबदल नसून स्थल व काल यांच्या घडणींत तिचें मूळ आहे.

या कल्पनेचा चार मितींच्या सृष्टीकरितां लिहिलेला सर्वांत जुना लेख मॉस्कोच्या लेबेदेव्ह संस्थेंतील यूरी गोल्फांड व त्यांचे शिष्य एव्हगेनी लिख्टमान यांचा. तो अवघ्या चार पानांचा आहे. पोथीच्या पुष्पिकेंत लेखनतिथि असावी त्याप्रमाणें लेख दाखल झाल्याची तारीख त्यावर आहे: १० मार्च १९७१. त्यांत नुसती कल्पना नाहीं. विद्युच्चुंबकीय क्षेत्रासह एक पुरा अतिसममित सिद्धांत बांधलेला आहे. गोल्फांड हे १९२२ सालीं खारकोव्ह येथें जन्मले. असा लेख लिहिल्यानंतर १९७३ सालीं त्यांस संस्थेंतून कमी करण्यांत आलें. पुढें त्यांनीं इस्राएलांत जाण्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. सुमारें सात वर्षें ते कामावांचून होते. १९८० सालीं त्यांस परत घेतलें, १९९० सालीं ते इस्राएलांत जाऊं शकले, व १९९४ सालीं यरुशलेम येथें वारले. ज्या विषयावर जगांत सहस्रावधि निबंध लिहिले गेले त्याचा पहिला लेखक त्याच वर्षांत बेकार होता, ही गोष्ट आम्हांस वाचतां वाचतां थांबवून गेली.

दुसरा लेख खारकोव्हचा. तें शहर त्या वेळीं सोव्हिएट संघांत होतें, आज युक्रेनमध्यें आहे. द्मित्री व्होल्कोव्ह (१९२५–१९९६) व व्लादिमीर आकुलोव्ह यांनीं १९७२ सालीं त्याच रशियन पत्रिकेंत एक लेख प्रसिद्ध केला व १९७३ सालीं त्याच विषयावर दुसरा युरोपांतील एका पत्रिकेंत इंग्रजींतून दिला. या दुसऱ्या लेखाचें शीर्षकच एक प्रश्न आहे: न्यूट्रिनो हा गोल्डस्टोन कण आहे काय? एखादी सममिति नियमांत असून सृष्टीच्या स्थितींत मोडलेली असेल, तर त्या मोडण्याची खूण म्हणून एक वजनरहित कण उरतो. त्यास गोल्डस्टोन कण म्हणतात. न्यूट्रिनो हा असाच, मोडलेल्या अतिसममितीची खूण असावा, असा या दोघांचा तर्क. त्यासाठीं त्यांनीं एकट्या फर्मिऑनाचें असें गणित बांधलें कीं ज्यांत अतिसममिति आहे पण जोडीदार बोसॉन नाहीं. सममितीची क्रिया येथें सरळ न होतां क्षेत्र स्वतःच्याच मानानें देशकालास सरकवितें.

याच सुमारास तंतुसिद्धांताच्या द्विमितीय गणितांत रामों, नव्हो व श्वार्त्स, आणि झेर्व्हे व साकिता यांच्या १९७१ च्या लेखांत तीच कल्पना निराळ्या वाटेनें आली. त्या वाटेवरून कार्ल्सरूहेचे युलियस वेस व जिनीव्हाच्या सेर्न संस्थेचे ब्रुनो झुमिनो १९७४ सालीं चार मितींपर्यंत स्वतंत्रपणें पोहोंचले. आणि त्यांच्या लेखानंतरच सर्व जगाचें लक्ष या विषयाकडे गेलें.

येथें प्राधान्याचा वाद उभा राहतो, व तो आजवर पुष्कळ झाला आहे. आमचें मत असें कीं केवळ तारखांनीं तो मिटवूं पाहणें बरोबर नाहीं. तिथीनें मॉस्कोचा लेख पहिला, यांत शंका नाहीं, व गोल्फांड-लिख्टमान यांचें नांव प्रथम न घेणारें इतिहासकथन सदोष होय. परंतु खारकोव्हचा लेख म्हणजे मॉस्कोच्या लेखाची उशिरा झालेली प्रत नव्हे. एकांत सममिति अभंग आहे, दुसऱ्यांत मोडलेली. एकांत जोडीदार आहेत, दुसऱ्यांत नाहींत. एकाच संहितेच्या दोन शाखांस मूळप्रत व नक्कल ठरविण्याची जी चूक आपल्याकडे पूर्वीं झाली आहे, तीच ही.

खारकोव्हच्या लेखाचें पुढें काय झालें? त्याचा उघड हेतु लवकरच फसला. डे विट व फ्रीडमन यांनीं १९७५ सालीं दाखविलें कीं न्यूट्रिनो जर असा कण असता तर त्याच्या कमी ऊर्जेच्या वर्तनांत जी विशिष्ट क्षीणता दिसली पाहिजे ती प्रयोगांत दिसत नाहीं. १९९८ सालीं जपानांतील सुपर-कामिओकांडे येथील निरीक्षणांवरून न्यूट्रिनोंस वजन असल्याचेंही सिद्ध झालें. ज्या प्रश्नाकरितां लेख लिहिला त्याचें उत्तर 'नाहीं' असें आलें. तथापि गणित टिकलें. २००३ सालीं कचरू, कॅलॉश, लिंडे व मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील संदीप त्रिवेदी यांनीं विश्वाच्या प्रसरणाचा तंतुसिद्धांताशीं मेळ घालणारी जी रचना सुचविली, तींतील एका घटकावर व्होल्कोव्ह-आकुलोव्ह यांचेंच गणित चालतें, असें २०१४ सालीं दाखविण्यांत आलें. पण त्याहून आश्चर्याची गोष्ट २०१९ सालीं उघडकीस आली, व तिच्यासाठीं 'विकृति' या शब्दाचा विचार केला पाहिजे.

एक सिद्धांत घेऊन त्यांत एक लहानसें पद मिसळावें, व त्या पदाचें प्रमाण क्रमानें वाढवीत जावें, यास पदार्थविज्ञानांत इंग्रजी शब्दाचें भाषांतर करून विरूपण म्हणतात. आम्हांस त्यापेक्षां विकृति हा जुना शब्द पसंत आहे. तो वाईट अर्थानें नव्हे, वैदिकांच्या अर्थानें. संहिता, पद व क्रम हे प्रकृतिपाठ. जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ व घन या आठ विकृति. जटेंत पहिलें-दुसरें, दुसरें-पहिलें, पुन्हां पहिलें-दुसरें अशीं पदें उलटसुलट म्हटलीं जातात, घनांत त्याहून गुंतागुंत. तरी एकही अक्षर हरवत नाहीं, व घनावरून संहिता जशीची तशी परत काढतां येते. मीमांसकांच्या यज्ञविचारांतही दर्शपूर्णमास ही इष्टींची प्रकृति. विकृतीस जें निराळें सांगितलें नसेल तें प्रकृतीकडून अतिदेशानें येतें. क्षेत्रसिद्धांतांच्या सर्वच विकृति इतक्या सद्वर्तनी नसतात. वजनाचें एखादें पद घातलें कीं पुष्कळदां सिद्धांताचें रूप पार बदलतें. त्यांतूनही लाभ झाला आहे, व १९९४ सालीं सायबर्ग व विटन यांनीं अतिसममित सिद्धांतांत असेंच पद घालून कणांच्या कायमच्या बंधनाचें कारण गणितानें दाखविलें. परंतु आमचा विषय घनपाठासारख्या विकृतीचा आहे.

तिचा मूळलेख अलेक्सांद्र झामोलोदचिकोव्ह यांचा, जानेवारी २००४ चा. हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं याची विशेष नोंद घ्यावी. १९९१ सालीं पॉल गिन्सपार्ग यांनीं लॉस अलामोस येथें विद्वानांच्या अप्रकाशित लेखांचा जो विद्युत्-संग्रह सुरू केला त्यांत हा लेख ठेविलेला आहे, व त्याचा उल्लेख आजही सर्वत्र नियतकालिकाच्या खंड-पृष्ठांनीं न होतां त्या संग्रहांतील क्रमांकानेंच होतो. आपल्या भांडारांतील पोथ्यांचा होतो तसाच. त्यांतील आशय असा. प्रत्येक क्षेत्रसिद्धांतापाशीं ऊर्जा व संवेग यांचा हिशेब ठेवणारा एक तक्ता असतो. एक अवकाश व एक काल अशा दोनच मितींत या तक्त्यांतील घटकांचे दोन गुणाकार करून एकांतून दुसरा वजा केला असतां जी राशि येते तिला टी-टी-बार म्हणतात. दोन क्षेत्रें एकाच बिंदूवर आणलीं कीं बहुधा अनंत राशी उपटतात व गणित बिघडतें. या राशींत तसें होत नाहीं, आणि तिचें सरासरी मूल्य घटकांच्या सरासरी मूल्यांवरूनच काढतां येतें, अशी ती सिद्धता आहे.

बारा वर्षें या लेखास फारसे वाचक नव्हते. ऑगस्ट २०१६ मध्यें दोन लेख जवळजवळ एकाच वेळीं आले: एक स्मिर्नोव्ह व झामोलोदचिकोव्ह यांचा, दुसरा कावालिया, नेग्रो, सेचेन्यी व तातेओ यांचा. त्यांनीं हीच राशि विकृतीचें पद म्हणून वापरिली. थोडी मिसळावी, सिद्धांत बदलला कीं त्याचा तक्ता बदलतो, मग नव्या तक्त्यावरून काढलेली राशि पुन्हां थोडी मिसळावी, असें अखंड चालवावें. मूळ सिद्धांताच्या ऊर्जा ठाऊक असतील तर विकृताच्या ऊर्जा एका वर्गमुळाच्या सूत्रानें नेमक्या सांगतां येतात. मूळांत ज्या अनंत राशी अक्षय्य असतील त्या विकृतींतही अक्षय्य राहतात. वजनरहित मुक्त बोसॉनांस ही क्रिया केली असतां नाम्बू-गोटो यांच्या तंतूचें गणित निघतें. गोष्ट सर्वस्वीं निर्वेध आहे असें मात्र नाहीं: विकृतीच्या प्रमाणाचें चिन्ह उलट घेतलें तर उच्च पातळ्यांवर वर्गमुळाखालीं ऋण राशि येते, व ऊर्जा वास्तव राहत नाहीं.

अतिसममितीशीं याचा संबंध प्रथम याच सूत्रांत दिसतो. अतिसममिति अभंग असेल तर सर्वांत खालच्या स्थितीची ऊर्जा नेमकी शून्य असते. सूत्रांत ऊर्जा व संवेग दोन्ही शून्य घालावे. मुळाखालीं एक उरतो, त्यांतून एक वजा जातो, व उत्तर पुन्हां शून्य. आम्हीं हें पाटीवर करून पाहिलें. इतकें गणित मास्तरासही येतें. परंतु खालची एक पातळी टिकली म्हणजे सबंध सममिति टिकली असें होत नाहीं. तें काम नोव्हेंबर २०१८ मध्यें, थोड्या दिवसांच्या अंतरानें आलेल्या दोन लेखांनीं केलें: बाज्जो, स्फोंद्रिनी, तार्तालीनो-माझुकेल्ली व वॉल्श यांचा एक, आणि चँग, फेर्को व सेठी यांचा दुसरा. विकृतीचें पद अतिसममितीच्याच प्रवाहांच्या वर्गापासून निघतें, त्यामुळें मूळांतील अतिसममिति विकृतींत कायम राहते, असें त्यांनीं दाखविलें.

आतां खारकोव्हकडे परत. जुलै २०१९ मध्यें क्रिबिओरी, फाराकोस व फॉन उंगे यांनीं दोन मितींतील मुक्त फर्मिऑन घेतले, म्हणजे ज्यांचा कोणाशींच कांहीं व्यवहार नाहीं असे, क्षेत्रसिद्धांतांतील अगदीं साधे कण. व त्यांस टी-टी-बार विकृति केली. निघालें तें व्होल्कोव्ह-आकुलोव्ह यांच्या गणिताचें द्विमितीय रूप. १९७२ चा लेख चार मितींचा आहे, हा भेद विसरूं नये. पण घडण तीच. बोसॉनांची विकृति वर्गमुळांत जाते व तिची श्रेणी संपत नाहीं. फर्मिऑनांची मात्र थोड्या पदांत थांबते, कारण एकदां आलेला पुन्हां येऊं शकत नाहीं. १८४४ चा नियम येथें आपलें काम करितो. हा योगायोग नसावा असें मानण्यास कारणही आहे. विकृत सिद्धांताचीं उत्तरें म्हणजे मूळ सिद्धांताचींच उत्तरें, फक्त क्षेत्राच्या मानानें सरकलेल्या देशकालांत लिहिलेलीं, असें कोंटी, नेग्रो व तातेओ यांनीं २०१८ मध्यें दाखविलें होतें. आणि क्षेत्राच्या मानानें देशकाल सरकविणें हीच तर खारकोव्हच्या लेखाची मूळ युक्ति.

चार मितींतही खुणा आहेत. मॅक्स बोर्न (जे १९३५–३६ मध्यें कांहीं महिने बंगळूर येथें होते) व लिओपोल्ड इन्फेल्ड यांनीं १९३४ सालीं विद्युच्चुंबकीय क्षेत्राचें जें वर्गमुळाचें गणित मांडलें, तें मॅक्सवेलच्या जुन्या गणिताची अशीच विकृति आहे, असें २०१८ मध्यें आढळलें. व त्याच्या अतिसममित रूपाविषयींही, ज्यांत अर्धी अतिसममिति मोडलेली असते, फेर्को, जिआंग, सेठी व तार्तालीनो-माझुकेल्ली यांनीं २०१९ मध्यें तोच निष्कर्ष काढला. परंतु चार मितींत झामोलोदचिकोव्ह यांची सिद्धता लागू पडत नाहीं. तेथील नातें क्वांटमपूर्व गणितापुरतें आहे.

दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. पहिली ही कीं सेर्न येथील मोठ्या यंत्रांत २०१० पासून शोध चालू असूनही अतिसममितीनें सांगितलेला एकही जोडीदार कण आजपर्यंत सांपडलेला नाहीं. वर जें नातें सांगितलें तें सिद्धांतांमधलें आहे, सृष्टींतलें म्हणून आम्ही सांगत नाहीं. दुसरी ही कीं विकृतिपाठांचा दृष्टांत हा दृष्टांतच आहे. घनपाठ करणाऱ्यांस क्षेत्रसिद्धांत ठाऊक होता असें त्यावरून कोणी लिहूं नये. अशीं विधानें अलीकडे फार वाचावयास मिळतात, व त्यांनीं घनपाठाची थोरवी वाढत नाहीं. ग्रासमानच्या बाबतींतही त्याचें गणित वेदांतून आलें असें म्हणतां येत नाहीं. गणिताचा ग्रंथ १८४४ चा, व कोश त्यानंतर तीस वर्षांनीं आला.

१९७१ व १९७२ चे रशियन लेख आम्हीं अमेरिकेंत छापलेल्या इंग्रजी भाषांतरावरून वाचले. सोव्हिएट काळांत रशियन शास्त्रीय नियतकालिकें आपल्याकडे बरींच येत असत, व त्यांपैकीं कित्येक खाजगी संग्रहांत गेलीं आहेत. त्या रशियन पत्रिकेचा १९७१ चा तेरावा अथवा १९७२ चा सोळावा खंड मूळ रशियनांत कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं मंडळाच्या चिटणिसांस कळवावें. शीर्षकाचीं व तारखेचीं पानें पाहून परत करूं.